किर्टली क्रीकचा शेवटचा माल

ओपल कॅम्ब्रन येणार असेल तर मी येणार नाही, असं इमेल्डा ग्रीनवेलने लोरीनला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. लोरीन म्हणाली, "मिस ओपलचंही हेच म्हणणं आहे. तुम्ही येणार असाल तर त्या यायच्या नाहीत." त्यावर इमेल्डाने फोन ठेवला आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. आपण घरी राहायचं आणि ओपलने चार लोकांत बसून आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दल, गार्नेटबद्दल, वाटेल ते बोलायचं, हे तिला मान्य नव्हतं. ओपलने बहुधा असाच हिशोब केला असावा, कारण दुसरी गाडी तिचीच आली.

जुन्या रेल्वे स्टेशनात आता गावाचं छोटं संग्रहालय होतं. लोरीन टॅटम ते सांभाळायची. तिकीटघराच्या मागच्या भिंतीवर तिला क्रील कंपनीच्या सगळ्या बर्बन व्हिस्कीची माहिती लावायची होती, एकेका ब्रँडखाली पाच-सहा ओळी. कंपनी बंद पडून पस्तीस वर्षं होऊन गेली होती. ज्यांनी ती दारू गाळली, भरली आणि विकली, त्यांतले थोडेच उरले होते. म्हणून लोरीन दर शनिवारी दुपारी त्यांना बोलवायची, टेबलावर जुन्या बाटल्या मांडायची आणि आठवणी टिपून घ्यायची. आज पाळी किर्टली क्रीकची होती.

त्या ब्रँडच्या ओळी लोरीनने आधीच टाइप करून सगळ्यांना पोस्टाने पाठवल्या होत्या. शेवटची ओळ अशी होती: 'सन १९७२ मध्ये फोरमन गार्नेट ग्रीनवेल यांच्या निष्काळजीपणामुळे एक माल बिघडला, आणि हा ब्रँड कायमचा बंद झाला.'

इमेल्डा त्या एका शब्दासाठी आली होती. बाकीची दारू त्यांनी वाटेल तशी आठवावी.

ओपल समोरच्या खुर्चीत बसली. तिने निळा कोट घातला होता, केस नुकतेच सेट केलेले होते, आणि तिच्याबरोबर अत्तराचा असा लोट आला की इमेल्डाने नकळत श्वास रोखला. गार्डेनियाचं, म्हणजे अनंताच्या फुलांचं अत्तर. दोघी एकेकाळी क्रीलच्या प्रयोगशाळेत, वास घेऊन माल पारखणाऱ्या बायकांच्या पॅनेलवर शेजारीशेजारी बसायच्या. पॅनेलवरच्या बाईने साबणसुद्धा बिनवासाचा वापरायचा, असा तेव्हा नियम होता, आणि तो मोडणारीला घरी पाठवायची ती ओपलच.

"बरी दिसतेस," ओपल म्हणाली. "मला वाटलं, तुझी तब्येत ढासळली असेल."

"तशी बातमी आली की तुला कळवतील," इमेल्डा म्हणाली.

हर्शेल पाइक हातात कागदी बशी घेऊन आला. बशीत हॅम घातलेली, पावासारखी मऊ बिस्किटं होती. तो क्रीलचा विक्रेता होता, तीन राज्यं फिरलेला. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्याचं तोंड थांबत नव्हतं. तो ओपलच्या शेजारी बसला, त्याने दोनदा नाक चोळलं आणि खुर्ची हळूच खिडकीकडे सरकवली.

"सुरुवात कशी करू या?" लोरीन म्हणाली. ती चाळिशीची होती, बाप्टिस्ट घरातली, आणि दारूला शिवत नव्हती. बाटल्यासुद्धा ती रुमालाने उचलायची.

"सुरुवात टाकीपासून कर," हर्शेल म्हणाला. "टाकी एक आणि पोरी सहा. ओल्ड क्रील, सेव्हन सिकॅमोर, रेड मिटन, प्रायोरी गेट..."

"पाच," ओपल म्हणाली. "टाकीतल्या पाच. किर्टली क्रीक वेगळी होती."

"तेच सांगतोय, बाई, मला बोलू तर दे. रेड मिटन फक्त मिशिगनमध्ये जायची. चपटी बाटली, ढुंगणाच्या खिशात बसेल अशी. मोटारींच्या कारखान्यातली पोरं ती खिशात घालूनच कामावर जायची. प्रायोरी गेट नाताळात निघायची, चिनीमातीच्या साधूत भरून. साधूचं डोकं काढलं की दारू. सेंट इनिगोच्या फादरनी तक्रार केली होती की हा धर्माचा अपमान आहे. मी त्यांना दोन साधू नेऊन दिले, मग तक्रार थांबली. आणि सेव्हन सिकॅमोर ओहायोत..."

"इंडियानात," ओपल म्हणाली.

"विकली मी. तू नाही."

"भरली आम्ही. खोक्यांवर पत्ते असायचे, हर्शेल. वाचता येत होतं मला."

"आणि त्या सगळ्यांत दारू तीच?" लोरीनने लिहिता लिहिता विचारलं.

"तीच. कोणाला पाणी जास्त, कोणाला कमी. लेबल कोंबड्याचं असो की न्यायाधीशाचं. लोक मात्र शपथेवर सांगायचे की मी रेड मिटनच पिणार, सिकॅमोरने माझं डोकं दुखतं." हर्शेल हसला. "तुझे आजोबा माझ्याकडून ओल्ड क्रील न्यायचे, लोरीन. खोकल्यासाठी. बारमाही खोकला होता बिचाऱ्यांना."

लोरीनने हे लिहिलं नाही.

"किर्टली क्रीकची गोष्ट निराळी," हर्शेल म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "ती निवडक पिंपांची. सहा वर्षं मुरलेली, पूर्ण शंभर प्रूफ, म्हणजे निम्मा अल्कोहोल, बुचावर सरकारची हिरवी पट्टी. बँकेतली माणसं प्यायची, आणि पोराच्या लग्नात आम्ही."

"आणि ती कशी मेली तेही सांग," ओपल म्हणाली.

इमेल्डाने पर्समधून लोरीनचा टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "त्याचसाठी आलेय मी. 'निष्काळजीपणा' हा शब्द इथून काढायचा."

"का?" ओपल म्हणाली. "खोटा आहे?"

"खोटा आहे. गार्नेटने प्रत्येक पिंपाचा वास घेतला होता."

लोरीनला पिंपांचं काम माहीत नव्हतं, म्हणून हर्शेलने तिला सांगितलं. माल भरायच्या दिवशी पिंपं रांगेत लावत. फोरमन एकेकाचं बूच काढायचा, भोकाला नाक लावायचा आणि मोठ्याने ओरडायचा, 'स्वच्छ'. मगच ते पिंप हौदात ओतत. एखाद्याला बुरशीचा वास आला तर त्यावर खडूने फुली मारून ते बाजूला काढायचं. कारण एक कुबट पिंप अख्खी टाकी नासवतं. त्या मार्चमध्ये गार्नेटने सगळ्या पिंपांना 'स्वच्छ' म्हटलं. बाटल्या सिनसिनाटीला गेल्या आणि महिन्याभरात परत येऊ लागल्या. वर्षभरात किर्टली क्रीक बंद झाली आणि पुढच्या वर्षी कारखानाच.

"आणि तुमचं पॅनेल?" लोरीनने विचारलं. "तुम्ही तपासला नाही का तो माल?"

उत्तर हर्शेलने दिलं. "पॅनेल त्याआधीच्या नाताळात बंद केलं होतं. शहरातून एक टायवाला आला, म्हणाला, पाच बायकांना नुसता वास घ्यायचा पगार? फोरमनला नाक नाही का?"

"नाक होतं," ओपल म्हणाली. "वापरलं नाही. झोप येत असेल, किंवा घरी जायची घाई असेल. दोन-चार पिंपं हुंगली आणि बाकीच्यांना नुसतंच स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. माझा नवरा, लीलँड, त्यानंतर लुइव्हिलला गोदामात रात्रपाळी करायला गेला. पन्नाशीत. तिथल्या खोलीतच मेला, आणि मला फोन घरमालकिणीने केला. अडीचशे घरं बसली या गावातली. आणि ही बाई म्हणते, शब्द काढा."

"माझ्या नवऱ्याने नंतर काढलेल्या पेट्रोल पंपावर तुम्ही कोणी दहा वर्षं गाडी थांबवली नाहीत," इमेल्डा म्हणाली. "चर्चमध्ये आम्ही बसलो की बाक रिकामा व्हायचा. त्याला पुरला त्या सकाळी आमच्या ओसरीवर किर्टली क्रीकच्या रिकाम्या बाटल्यांची पेटी होती. ती कोणी ठेवली ते मला माहीत आहे."

"मी नाही ठेवली," ओपल म्हणाली. "ठेवायला हवी होती. सुचलं नाही तेव्हा."

हर्शेलने बिस्किट बशीत परत ठेवलं.

"नाकाने कांदे सोलू नकोस, ओपल," इमेल्डा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, आणि लोकांना त्याचाच जास्त राग यायचा. "तू तो माल तपासलेला नाहीस. मीही नाही. ऐकीव गोष्ट भिंतीवर लावताय तुम्ही. कुठे आहे तो माल?"

"हा इथे," ओपल म्हणाली.

तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. हिरवी पट्टी अखंड होती. इमेल्डाने बाटली उलटी न करता वर उचलली आणि बूड पाहिलं. काचेत ७२ चा आकडा होता. पातळी मानेपर्यंत होती, लेबलावर ओढ्याचं तेच चित्र.

"परत आलेला माल गटारात ओतायला लीलँडच होता," ओपल म्हणाली. "त्याने एक ठेवली. म्हणाला, कधीतरी कोणीतरी म्हणेल की असं काही झालंच नव्हतं. उघड. सगळ्यांना वास घेऊ दे."

इतक्या वर्षांत अशी एखादी बाटली कुठे असेल, असं इमेल्डाच्या मनात कधी आलं नव्हतं. तिने ती खाली ठेवली.

"असं नाही," ती म्हणाली. "आता उघडलीस तर तू म्हणशील नासकी, मी म्हणेन चांगली, आणि हर्शेल म्हणेल ग्लास भर. पॅनेलची पद्धत तुला आठवते. तीन ग्लास."

ओपलने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "लावा," ती म्हणाली.

पद्धत साधी होती. तीन ग्लास, दोनांत एकच दारू, तिसऱ्यात वेगळी. कशात काय ते फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. वास घ्यायचा, वेगळा कोणता त्याचा आकडा लिहायचा आणि पुढे एक-दोन शब्द, तो वेगळा का. कागद उलटा ठेवेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तुलनेसाठी हर्शेलने आणलेली बाटली होती, एकोणसत्तरची किर्टली क्रीक, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ग्लास प्रयोगशाळेतलेच होते, गर्द निळे, म्हणजे रंगावरून काही कळू नये. लोरीनने ते काचेच्या कपाटातून काढून धुतले.

"साबण नको," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

"अर्धं पाणी," इमेल्डाने लोरीनला सांगितलं. "वर बशी झाकायची. दोघींना तीन-तीन, आकडे सारखेच. आतल्या खोलीत ओत आणि दार लावून घे."

"मी ओतेन," लोरीन म्हणाली, "पण वास घेणार नाही."

"तुझ्या आजोबांनी घेतलाय तो पुरे," हर्शेल म्हणाला.

लोरीन आत असताना इमेल्डा म्हणाली, "आणि अत्तर लावून चाचणीला बसतात का, बाईसाहेब? तुझ्या हाताखाली असते तर घरी पाठवलं असतंस मला."

"दोनच थेंब आहेत," ओपल म्हणाली. "तुला काहीतरी खुसपट हवंच असतं."

शेवटी इमेल्डाने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि खिडकी उघडली. हर्शेलच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती, त्याला दाराबाहेर उभं केलं.

ग्लास आले. इमेल्डाने पहिल्यावरची बशी सरकवली, ओठ किंचित उघडे ठेवले आणि नाक खाली नेलं. इतक्या वर्षांत तिने हे केलं नव्हतं, पण मानेला कोन आठवत होता. करपलेली साखर, ओक, मागून तंबाखूच्या सुक्या पानासारखं काहीतरी. स्वच्छ. तिने खिडकीकडे तोंड करून दोन श्वास घेतले आणि दुसरा ग्लास उघडला.

सुरुवातीला साखरच आली. मग तिच्याखालून ते आलं. ओलं पोतं. पावसाळ्यानंतर उघडलेलं बटाट्याचं तळघर. शंकेला जागा नव्हती. पॅनेलवर असती तर तिने एवढ्यावरच बशी झाकून पेन्सिल उचलली असती. तरी तिने तिसरा उघडला, आणि तो पहिल्यासारखाच होता.

म्हणजे माल नासका होता.

आजवर तिने गावाला सांगितलं होतं की माल नासका नव्हताच, कंपनीला कारखाना बंद करायचाच होता आणि त्यांनी निमित्त शोधलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गार्नेटच्या शब्दावरून तिने ते स्वतःच बांधलं होतं. मी प्रत्येक पिंपाचा वास घेतला, इमेल्डा. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात, बोलायला धाप लागत असताना, त्याने तेच सांगितलं. प्रत्येक पिंपाचा. आणि हा वास पिंपाच्या भोकातून कोणाला आला नसता, असं शक्य नव्हतं. मग तो खोटं बोलत होता. तिच्याशी, मरताना.

तिला राग आला, आणि तो टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईचा नव्हता. तिच्यासमोर कोरा कागद होता. एक किंवा तीन लिहिणं सोपं होतं. वय झालं, नाक गेलं, कोणी काही म्हटलं नसतं, आणि तो शब्द कदाचित निघालाही असता. तिने पेन्सिल उचलली. गार्नेटला वाचवायची इच्छा त्या क्षणी तिच्यात उरली नव्हती. तिने लिहिलं: दोन. ओलं पोतं. आणि कागद उलटा केला.

ओपलला वेळ लागला. तिने तिन्ही ग्लास पुन्हा पुन्हा उघडले, तिसऱ्याशी जास्त थांबली आणि मान हलवली. मग लिहिलं.

लोरीनने हर्शेलला आत बोलावलं आणि कागद वाचले. "मिस इमेल्डा, दोन, ओलं पोतं. मिस ओपल, तीन, बुरशी." ती थांबली. "बहात्तरचा माल दोन नंबरमध्ये होता."

क्षणभर कोणाला अर्थ लागला नाही. मग ओपल मागे रेलली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "तिच्याच नाकाने. ओलं पोतं. लिही, लोरीन, आणि खाली हिचं नावही घाल. फोरमनच्या बायकोने स्वतः खात्री केली."

"पण तुमचा तर चुकला," लोरीन म्हणाली.

"तीन आणि दोनात उलटसुलट झालं असेल. तूच घोळ केला असशील ओतताना, तुला काय कळतंय त्यातलं."

"माझ्या तीनमध्ये एकोणसत्तरच आहे," इमेल्डा म्हणाली. "आता राहिले तुझे ग्लास."

ती उठून ओपलच्या बाजूला गेली आणि तिच्या दोन नंबरच्या ग्लासावर वाकली. तिथेही तेच ओलं पोतं. तिसऱ्यात नव्हतं. "बरोबर ओतलंय. ओपल, दोनमध्ये तुला काय आलं?"

"काही नाही. दोन स्वच्छ आहे. एक नंबरही स्वच्छ आहे."

"नीट घेतलास वास?"

ओपलचा चेहरा लाल झाला. "तू मला विचारतेस? पॅनेलची मुख्य कोण होती? चार-चार वेळा घेतला. एकेक ग्लास. काही नाही त्यात."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो किंवा रोखतो. ओपल मात्र चिडलेली होती, जसा खरं बोलूनही अविश्वास वाट्याला आलेला माणूस चिडतो. इमेल्डाने हा चेहरा पाहिला होता. आपल्याच स्वयंपाकघरात, टेबलाच्या पलीकडे, महिनोन् महिने.

तिच्या अंगावर गार्डेनियाचा लोट आला, आणि त्याचा अर्थ हळूहळू तिच्या ध्यानात आला. दोनच थेंब.

बहात्तरच्या जानेवारीत गार्नेट तापाने आठवडाभर अंथरुणावर होता. उठला तो चिडचिडाच. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, असं म्हणायचा. बर्गूच्या, म्हणजे मटण-भाज्यांच्या रश्शावर मीठ आणि मिरपूड इतकी ओतायचा की तिने एकदा भांडं उचलून बाहेर कुत्र्याला घातलं होतं. माझ्या हातची चव गेली म्हणतोस, मग आईकडे जेव. दोघं त्यावरून वसंतापर्यंत धड बोलत नव्हते. तिची नोकरी नुकतीच गेली होती, आणि आपल्या नाकाला, आपल्या हाताला हा मुद्दाम टोमणे मारतोय असंच तिला वाटलं होतं. पाच माणसांच्या पॅनेलवर बसलेली बाई, आणि तिला वाटलं होतं की तो टोमणे मारतोय.

त्याने प्रत्येक भोकाला नाक लावलं होतं. त्याला कसलाच वास आला नव्हता.

"आज अत्तर किती लावलंस?" तिने विचारलं.

"सांगितलं ना, दोन थेंब."

"हर्शेल, तू खुर्ची खिडकीकडे का नेलीस?"

हर्शेलने बशीतल्या बिस्किटांकडे पाहिलं.

"विचारतेय मी."

"जाऊ दे ना, इमेल्डा," तो म्हणाला. "शनिवार आहे."

ओपलने आधी हर्शेलकडे पाहिलं, मग लोरीनकडे. लोरीनने मान खाली घातली. ओपलने मनगट नाकाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं, बराच वेळ.

"सर्दी आहे मला," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

ओपलने मनगट खाली घेतलं.

इमेल्डा आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला हे थांबवता आलं असतं, पण थांबायची तिची इच्छा नव्हती. "लोरीन, लिही. बहात्तरचा माल बिघडलेला होता. त्यात बुरशीचं पिंप गेलं होतं, एक किंवा अधिक. आणि गार्नेट ग्रीनवेलने प्रत्येक पिंपाचा वास घेतला होता."

"दोन्ही कसं लिहू?" लोरीन म्हणाली. "वास घेतला असेल तर त्यांना कळलं असतं ना? लोक वाचून म्हणतील, यातलं एक खोटं आहे."

"ओपलला विचार," इमेल्डा म्हणाली. "तिने चार-चार वेळा घेतलाय."

ओपल तीन निळ्या ग्लासांकडे बघत होती. पॅनेल बंद झालं त्या दिवशी तिने आपला पांढरा कोट घडी घालून घरी नेला होता. लीलँड गेला तेव्हा तिचा भाऊ म्हणाला होता, तुझ्याकडे निदान तुझं नाक तरी आहे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, इमेल्डालाही.

"माझं नाव त्या भिंतीवर येता कामा नये," ओपल शेवटी म्हणाली.

"मला तुझं नाव तिथे नकोच आहे," इमेल्डा म्हणाली. "जागा सहा ओळींची आहे."

"तुझा नवरा बेफिकीर नव्हता, असं म्हणणं आहे तुझं. त्याला वास येतच नव्हता."

"हो."

"आणि तुला कळलं नाही. एका घरात राहून."

"नाही," इमेल्डा म्हणाली.

"बरं," ओपल म्हणाली, आणि त्या एका शब्दात जेवढं समाधान मावेल तेवढं तिने घातलं. मग तिने दोन नंबरचा ग्लास उचलला. हर्शेल म्हणाला, "अगं, तो नको," पण तिने तो एका घोटात रिकामा केला. तोंड जराही वाकडं झालं नाही. तिने जीभ टाळूवर फिरवली, पॅनेलवर फिरवायची तशी, पुन्हा एकदा फिरवली, आणि ग्लास खाली ठेवला.

"तो शब्द खोड, लोरीन," ती म्हणाली. "निष्काळजीपणा. त्याच्यासाठी नाही सांगत, आणि हिच्यासाठी तर नाहीच. मी आयुष्यात एकदाही निष्काळजीपणे वास घेतलेला नाही."

लोरीनने खोडला. पेन्सिलीने आधी, मग ओपल बघत राहिली म्हणून पेनाने.

ओपल कोट चढवू लागली. बाही सापडेना. हर्शेल उठला नाही. इमेल्डाही उठली नाही. अखेर बाही सापडली, तिने रिकामी पिशवी घेतली, बहात्तरची बाटली तिथेच ठेवली आणि दाराशी जाऊन थांबली.

"गॅसची शेगडी आहे माझ्याकडे," ती कोणाकडेही न बघता म्हणाली.

"विजेची घे," इमेल्डा म्हणाली.

"तुला विचारलं नव्हतं," ओपल म्हणाली, आणि गेली.